तुर्की बोलण्यातला 'क' : कुठे ग, कुठे ख़, कुठे चक्क च! तुम्ही काय काय ऐकलंय?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून आज बसून लिहितेच. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते, आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक तुर्की आजी राहतात, सगळे त्यांना तेयझे म्हणतात, तेयझे म्हणजे मावशी, तीसुद्धा आईची बहीण असलेली मावशीच, आत्याला वेगळा शब्द आहे, आपल्यासारखंच. माझं बाळ लहान असताना या बाईंनी मला जो आधार दिला तो मी विसरू शकत नाही, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता यावं म्हणून मी तुर्की शिकायला घेतली. क्लास लावला, अ‍ॅप डाउनलोड केलं, दोन लेव्हल झाल्या, मार्क पण चांगले पडले.

आणि मग एका थंडीच्या दिवशी त्यांच्या घरात शिरले तर आतून आवाज आला, "गापियि ओर्त गिझिम!" मी दारातच उभी. गापि म्हणजे काय? गिझ म्हणजे काय? डिक्शनरीत ग खाली शोधलं तर काहीच नाही, आणि दारातून गार वारा आत येतोय. त्या हसत उठून आल्या आणि स्वतःच दार लावलं. तेव्हा उमगलं, कापि म्हणजे दार, किझ म्हणजे मुलगी, "दार लाव गं पोरी" एवढंच म्हणाल्या होत्या. दोन्ही शब्द मला पहिल्या आठवड्यापासून येत होते, फक्त क चा ग झाल्यावर मला ते ओळखताच आले नाहीत.

तेयझे योझगातच्या, म्हणजे मध्य अनातोलियातल्या (अनातोलिया म्हणजे तुर्कीचा आशियातला भाग). सत्तरच्या दशकात लग्न होऊन इकडे आल्या. नंतर माझे कानच उघडले जणू. कोपऱ्यावरच्या बेकरीतले काका काळ्या समुद्राकडच्या रिझेचे आहेत, ते 'ग्येल्दिन मि' (आलीस का) ऐवजी 'जेल्दुन मि' म्हणतात. भाजीवाल्या ताई पूर्वेकडच्या एर्झुरुमच्या, त्या 'योक' (नाही) ला 'योख़' म्हणतात आणि 'चोक' (खूप) ला 'चोख़'. म्हणजे पुस्तकात एकच क आणि एकच ग, आणि आमच्या एका गल्लीत त्यांचे चार-पाच उच्चार.

मी क्लासच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले ते सगळं चुकीचं तुर्की आहे, त्यांच्याकडून शिकू नका. मला ते फार लागलं. ज्या बाईसाठी मी ही भाषा शिकतेय तिचीच भाषा चुकीची कशी असेल?

इथे भाषेतले जाणकार आहेत, तुर्कीत राहून आलेले पण असतील. तुम्ही काय ऐकलंय ते लिहा प्लीज. (ख़ म्हणजे ख़बर मधला घासून येणारा, ग़ म्हणजे ग़ज़ल मधला. तुर्कीत बिनटिंबाचा एक i आहे, अ आणि इ च्या मधला, त्याला मी सरळ इ लिहितेय, सांभाळून घ्या.)

पाटीपेन्सिल

छान धागा. भाषाशास्त्र शिकत असताना तुर्कीवर थोडं काम केलं होतं म्हणून लिहितो.

तुमच्या गल्लीतला घोळ वाटतो तेवढा घोळ नाहीये, त्यात शिस्त आहे, आणि ती शिस्त स्वरांनी लावलेली आहे. तुर्की लोक आपल्या आठ स्वरांचे दोन गट करतात, जाड आणि पातळ, त्यांच्या भाषेत 'कालिन' आणि 'इंज्ये' म्हणजे शब्दशः जाड आणि बारीक. आ, ओ, उ आणि तो बिनटिंबाचा इ हे जाड. ए, टिंबवाला इ, आणि ओठांचा चंबू करून म्हणायचे दोन (ö आणि ü) हे पातळ. प्रमाण तुर्कीतसुद्धा क दोन आहेत बरं का, जाड स्वराशेजारी घशाकडचा क आणि पातळ स्वराशेजारी टाळूकडे सरकलेला, साधारण क्य सारखा. मांजर म्हणजे 'केदी' लिहितात पण कान देऊन ऐका, 'क्येदी' असं येतं.

आता बघा, तेयझेंचा क→ग मुख्यतः जाड स्वरांपुढे होतो: कापि-गापि, किझ-गिझ, कोयुन-गोयुन (मेंढी), कार्देशचं गार्दाश (भाऊ). रिझेच्या काकांचं बरोबर उलट, त्यांचा च आणि ज पातळ स्वरांपुढे येतो. आणि एर्झुरुमचा ख़ बहुतेक जाड स्वराच्या मागून, शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये: योख़, चोख़, 'बाकमा' (बघू नको) चं 'बाख़मा'. म्हणजे तिघांनी एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या जागा वाटून घेतल्यासारखं आहे.

पातळ स्वरामुळे व्यंजन बदलणं आपल्याला नवीन नाही. 'माझा' म्हणा आणि 'माझी' म्हणा, झ तोच लिहिलाय पण जीभ दोन ठिकाणी लागते. ई आली की झ टाळूकडे पळतो. संस्कृतात कृ चं 'चकार' होतं, तिथे क चा च झाला तो पण अशाच एका जुन्या पातळ स्वरामुळे, जो नंतर अ मध्ये मिसळून गेला. रिझेत जे चाललंय ते आपल्या भाषेच्या पूर्वजांनी काही हजार वर्षांपूर्वी केलेलं आहे.

समुद्रपक्षी

अरे वा, माझ्या सासरचा विषय! माझे यजमान त्राबझोनच्या पूर्वेकडच्या एका गावचे, डोंगरात चहाचे आणि हेझलनटचे मळे. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मला चांगलं तुर्की येत होतं (इस्तंबूलमध्ये दोन वर्षं नोकरी केली होती) आणि तरी सासूबाईंचं पहिल्या दिवशी अर्धंच कळलं.

'इकी' म्हणजे दोन. त्या म्हणतात 'इची'. 'किम' (कोण) चं 'चिम'. आणि नुसतं व्यंजनच नाही, स्वरांचं पण वेगळं आहे. तुर्कीत स्वरांची जुळणी फार कडक असते ना, ग्येल्दिम म्हणजे मी आले. सासरी 'जेल्दुम'. तो शेवटचा उम सगळीकडे चिकटतो. उशाउम म्हणजे माझ्या पोरा, पोरी. प्रमाण तुर्कीत उशाक म्हणजे नोकर किंवा गडी, पण काळ्या समुद्राकडे उशाक म्हणजे पोरगं, तेव्हा कोणी तुम्हाला उशाक म्हणालं तर तो लाड आहे हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते कारण तुर्कीतले लोक पण गल्लत करतात. या भागातल्या सगळ्यांना सरसकट 'लाझ' म्हणतात. पण लाझ भाषा वेगळीच आहे, ती जॉर्जियनच्या कुटुंबातली, रिझेच्या पूर्वेकडे आणि होपा वगैरे भागात बोलतात, तिचा तुर्कीशी नातेसंबंध नाही. आमच्या घरचे लोक लाझ नाहीत, ते तुर्कीच बोलतात, काळ्या समुद्राच्या वळणाचं. त्यातून पलीकडच्या चायकारा भागात काही गावांत म्हाताऱ्या माणसांना रोमेयिका येते, ती ग्रीकची बोली. एवढ्या भाषा शेजारी शेजारी असल्यावर उच्चार वेगळा होणारच ना.

खडीसाखर

वाचतेय आणि खूप मजा येतेय. एक जुना प्रश्न आहे, विचारून घेते. तुर्कीच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव कोणी एर्दोगन लिहितं कोणी एर्दोआन. बरोबर काय? आणि ग लिहिलाय तर तो म्हणत का नाहीत?

पाटीपेन्सिल

उच्चाराला जवळचं एर्दोआन. लिहिलेलं अक्षर साधा g नाही, डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण असलेला ğ आहे. त्याचं नाव 'युमुशाक गे', म्हणजे मऊ ग. नाव किती समर्पक आहे, इस्तंबूलच्या बोलण्यात तो इतका मऊ झालाय की उरलाच नाही, फक्त आधीचा स्वर लांबवतो. दाग लिहितात, 'दाऽ' म्हणतात (डोंगर). बेयोग्लू हा इस्तंबूलचा भाग म्हणताना 'बेयोऽलू'. मुग्ला जिल्हा म्हणजे 'मूऽला', निग्दे म्हणजे 'नीऽदे'. पातळ स्वरांमध्ये तो य सारखा होतो, देगिल (नाही, अमुक नव्हे) चं 'देयिल', आणि घाईत 'दीऽल'. थोरल्या भावाला 'आगाबेय' लिहितात आणि सगळा देश 'आऽबी' म्हणतो, आता तर लिहिताना पण आबीच लिहितात. उस्मानी साम्राज्याचा संस्थापक उस्मान, त्याच्या वडिलांचं नाव आपण उर्दूच्या वाटेने एर्तुग्रुल म्हणतो, तुर्क 'एर्तूऽरुल' म्हणतात.

पण, आणि इथे रानजाईंच्या मुद्द्याकडे येतो, हा ग गेला तो शहरातून. अनातोलियातल्या खूप खेड्यांत तो अजून ऐकू येतो, घशात घासून येणारा खरा ग़. 'दाग़', 'आग़ाच' (झाड). १९२८ साली अरबी लिपी जाऊन लॅटिन २९ अक्षरं आली तेव्हा या अक्षराला जागा दिली गेली कारण हा आवाज भाषेत होता. तेव्हा दाग़ म्हणणारी आजी स्पेलिंगप्रमाणे बोलतेय आणि इस्तंबूलवाला ते अक्षर गिळतोय. आता यात चुकीचं कोणाचं?

रानजाई

पाटीपेन्सिल, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी खाली जाऊन तेयझेंना झाड दाखवलं आणि विचारलं हे काय. आग़ाच. स्पष्ट ग़! मी इतकी वर्षं ऐकत होते आणि मला वाटायचं त्यांच्या घशाला काही त्रास आहे. आता फार वाईट वाटतंय तसं वाटल्याचं.

शिळाछाप

धागा उशिरा पाहिला. मी फारसी शिकलोय आणि जुनी उस्मानी तुर्की कागदपत्रं वाचायची थोडी सवय आहे, त्या बाजूने भर घालतो.

तुमच्या तेयझेंना अजून दोन शब्द म्हणायला सांगा: 'साना' (तुला) आणि 'देनिझ' (समुद्र). त्या योझगातच्या असतील तर बहुधा यात साधा न येणार नाही, ङ येईल. आपल्या वाङ्मय मधला ङ. 'साङा', 'देङिझ', 'येङी' (नवीन). जुन्या लिपीत या आवाजासाठी काफ अक्षर वापरायचे, त्याला नाव होतं 'साऽइर केफ', म्हणजे बहिरा काफ. एकच केफ क पण, ग पण, ङ पण, वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचं. लॅटिन लिपी आली तेव्हा ङ ला वेगळं अक्षर मिळालं नाही, न मध्येच ढकलला, कारण इस्तंबूलच्या बोलण्यात तो न झालेला होता. पण आठव्या शतकातले मंगोलियातले ओर्खोनचे शिलालेख आहेत ना, तुर्कीचं सगळ्यात जुनं मोठं लिखाण, त्या लिपीत ङ ला स्वतंत्र चिन्ह आहे. देव या अर्थाचा 'तेङ्री' शब्द तिथे आहे, आजच्या तुर्कीत तो 'तान्रि' झालाय. तेव्हा खेड्यातला ङ हा तेराशे वर्षांचा ऐवज आहे, कोणी सांभाळून ठेवा न सांगता लोकांनी तोंडात सांभाळलेला.

आपल्या मराठीशी दुवा म्हणाल तर फारसी-अरबीतून दोन्हीकडे गेलेले शब्द. तुर्कीत शब्दाच्या शेवटी ब, द, ज, ग सहसा टिकत नाहीत, कडक होतात. किताब-'किताप', जवाब-'जेवाप', रंग-'रेंक', रजब-'रेजेप', अहमद-'आहमेत'. पण पुढे स्वर आला की मूळ परत येतं, किताप पण किताबि, रेंक पण रेंगी. आपला कागद घ्या. फारसी काग़ज़, तुर्कीत 'क्याइत', लिहिताना मधे तो मऊ ग आहे. आपल्याकडे ग राहिला आणि शेवटी द आला, त्यांच्याकडे ग विरला आणि शेवटी त आला. बगीचा तिकडे 'बाहचे' झाला, म्हणजे ग़ चा ह. मला या जोड्या जुळवत बसायला रात्र पुरत नाही.

वाटाड्या

मी व्यंजनांतला तज्ज्ञ वगैरे नाही पण टॉवेल आणि चादरींच्या धंद्यामुळे देनिझलीला वर्षातून दोनदा तरी जाणं होतं, त्या शहराचं कापड प्रसिद्ध आहे, आपल्या सोलापूर-इचलकरंजीवाल्यांना माहिती असेल. तिकडे एजियन बाजूला बोलणं सैल, गोड, शब्द लांबवून. वाक्याच्या शेवटी 'गारी' लावतात, आपल्या 'आता' किंवा 'की आता' सारखं, "हायदी गारी" म्हणजे चला की आता. 'नापियोर्सुन' (काय करतोस) चं 'नापियोन'. क्रियापदाची शेपटी कापतात.

इझमीरला व्यंजनापेक्षा शब्दच बदलतात, सिमितला (ती तीळ लावलेली गोल ब्रेड) तिथे 'गेवरेक' म्हणायचं, सूर्यफुलाच्या बियांना 'चीऽदेम'. अंकाराला तिथलेच लोक लाडाने 'आंगारा' म्हणतात, कोन्याला 'गोन्या', हा तुमच्या तेयझेंचाच ग.

आणि मग एकदा एदिर्नेला गेलो, तिकडे युरोपच्या बाजूला, बल्गेरिया-ग्रीसची सीमा जवळ. तिथे ह खातात! हायवान (प्राणी) चं 'आयवान', हायदी चं 'आयदी', हसनचा 'आसान'. आणि वाक्याला 'बे या' लावतात. गंमत म्हणजे आयवा हे एका फळाचं नाव आहे त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं हा माणूस फळाबद्दल बोलतोय आणि तो गोठ्यातल्या गाईबद्दल सांगत होता. बाल्कनमधून पिढ्यान् पिढ्या ये-जा, त्यामुळे त्या बाजूच्या तुर्कीची चालच निराळी.

अजून एक, आपल्या लोकांसाठी कामाचं आहे. तुर्कीत शब्दाच्या सुरुवातीचे प, त, क थोडी हवा सोडून म्हणतात, आपल्या फ-थ-ख कडे झुकलेले, पण त्यांना तो फरक फरक वाटत नाही. आपण मात्र प अगदी कोरडा म्हणतो. मी पोस्टात जाऊन 'पुल' (तिकीट) मागितलं, समोरच्या बाईंना ते 'बुल' ऐकू आलं, बुल म्हणजे शोध. काय शोधू म्हणून विचारत बसल्या बिचाऱ्या. तेव्हापासून मी पुल म्हणताना ओठांतून जरा हवा सोडतो, लगेच कळतं. आणि शब्दाच्या शेवटचा र! 'वार' (आहे) म्हणतात तेव्हा मला सुरुवातीला 'वार्श' ऐकू यायचं, र ला शेवटी श ची फुंकर असते, ती इस्तंबूलच्या सुशिक्षित लोकांच्या बोलण्यातही असते.

खडीसाखर

तो र चा श मी पण ऐकलाय! मला वाटलं माझेच कान खराब.

आमच्या ऑफिसात एक बाकूची मुलगी आहे, अझरबैजानची. तिने सांगितलं त्यांच्याकडे 'योख़' हेच प्रमाण, 'बाख़' हेच प्रमाण, आणि किझ (मुलगी) या शब्दातला क ते प्रमाण भाषेतसुद्धा ग सारखाच म्हणतात. म्हणजे एर्झुरुमच्या भाजीवाल्या ताईंचा योख़ सीमा ओलांडून पूर्वेला बाकूपर्यंत गेला की शाळेत शिकवतात. मला हे ऐकून फार छान वाटलं.

तिचे अजून शब्द: माती, तुर्कीत 'तोप्राक' आणि तिच्याकडे 'तोर्पाग'. पूल, 'क्योप्रू' आणि 'क्योर्पू'. पान, 'याप्राक' आणि 'यार्पाग'. प आणि र ची अदलाबदल. आपल्याकडे नुकसानचं नुस्कान करतात तसंच ना हे?

पाटीपेन्सिल

अगदी तसंच. आणि आपलं 'बुडणे' बघा, हिंदीत 'डूबना', ब आणि ड ने जागा बदलल्या, आणि आपल्याकडे तेच प्रमाण झालं, कोणी त्याला चूक म्हणत नाही. अनातोलियाच्या खेड्यांत पण तोर्पाक आणि काडेपेटीला 'किब्रित' ऐवजी 'किर्बित' सर्रास ऐकू येतं.

तुमच्या मैत्रिणीला तबरीझचं कोणी भेटलंय का विचारा, इराणमधलं. तिथल्या अझरबैजानीत च चा उच्चार दंत्य होतो, त्स, आणि ज चा द्ज़. म्हणजे आपल्या 'चाक' मधला च आणि 'जग' मधला ज! आणि रिकाम्या झालेल्या च-ज च्या जागेवर क्य आणि ग्य येऊन बसतात. एक जण जागेवरून उठला की मागचा पुढे सरकतो तसं. मराठी माणसाला हे दोन च वेगळे ऐकायला शिकवावं लागत नाही, जन्मजात येतं, तेव्हा तबरीझला जाऊन बोली ऐकायची असेल तर आपले कान त्या कामाला फार चांगले.

बाकी 'चूक' या शब्दाबद्दल थोडं. तुर्कीत बोलीला 'आइझ' म्हणतात, लिहिताना त्यातही मऊ ग आहे, मूळ अर्थ तोंड. इस्तंबूलचं पण तोंडच, 'इस्तांबुल आऽझि'. प्रमाण तुर्की त्याच्यावर बेतली कारण राजधानी तिथे होती, छापखाने तिथे होते. आणि लेहचे म्हणून अजून एक शब्द आहे (आपला लहेजा तोच), तो जास्त लांबच्या, जवळपास स्वतंत्र भाषा झालेल्या रूपांना वापरतात.

या तोंडांचा अभ्यास तिथे मन लावून झालाय. अहमेत जाफेरोऽलू यांनी १९४० च्या दशकात खेड्यापाड्यांतून बोलीचे नमुने गोळा केले. तुर्की भाषा संस्था १९३२ साली निघाली, तिने लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून १९६३ ते १९८२ या काळात बारा खंडांचा बोलीकोश छापला. लैला काराहान यांनी १९९६ मध्ये सगळ्या अनातोलियाच्या बोली तीन मोठ्या गटांत बसवल्या: पूर्व, ईशान्य आणि पश्चिम. ईशान्य म्हणजे समुद्रपक्षींचं सासर, तो आकाराने सगळ्यात लहान गट पण स्वतंत्र धरला आहे. पूर्वेत एर्झुरुम, कार्स, दियारबाकिर वगैरे. आणि उरलेला सगळा, तेयझेंचं योझगात, वाटाड्यांचं देनिझली, पश्चिम गटात.

आणि याच्याही नऊशे वर्षं आधी काशगरच्या महमूदने, १०७० च्या दशकात, बगदादमध्ये बसून अरबी वाचकांसाठी तुर्कीचा कोश केला त्यात लिहून ठेवलंय की ओउझ टोळ्या (आजचे तुर्कस्तानचे तुर्क त्यांचे वंशज) बाकीच्यांच्या त चा द करतात, 'मेन' (मी) ला 'बेन' म्हणतात. आज प्रमाण तुर्कीत बेन आहे. उंट 'देवे' आहे, द ने. पण दगड 'ताश' आहे, त ने, आणि खेड्यात, सायप्रसमध्ये, बाकूमध्ये 'दाश'. म्हणजे महमूदने नोंदवलेला बदल काही शब्दांत शहराने घेतला, काहींत घेतला नाही, आणि ज्यांनी पुरता घेतला त्यांना आता गावंढळ म्हणतात.

शिळाछाप

महमूदचं नाव काढलंत, बरं वाटलं. फक्त एक जोडतो, अझरबैजानी पण ओउझच, आणि ते आजही 'मेन' म्हणतात. तेव्हा बोलीचे नियम नकाशावरच्या रेघेसारखे सरळ जात नाहीत.

सायप्रसच्या तुर्कीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. 'किब्रिस' ला ते स्वतः 'गिब्रिस' म्हणतात, आणि काय करतोस ला नुसतं 'नापान?'. प्रश्न विचारायला प्रमाण तुर्कीत 'मि' लागतो, ते बऱ्याचदा तो लावतच नाहीत, सूर वर नेला की प्रश्न झाला.

आणि र, ल ची एक गंमत. मूळ तुर्की शब्द र ने किंवा ल ने सुरू होत नसत. त्यामुळे खेड्यातली जुनी माणसं अशा परक्या शब्दांना पुढे स्वराचा पाट देतात, रमझानचं 'इरामाझान', लिमोनचं 'इलिमोन', रूसचं 'उरूस'. तुम्हाला कोणी उरूस म्हणालं तर आपल्या पिराचा उरूस समजू नका, रशियन माणूस आहे तो.

समुद्रपक्षी

पाटीपेन्सिल, तुमचं 'गावंढळ' वाचलं आणि सासऱ्यांची गोष्ट आठवली. ते शिकायला शहरात गेले तेव्हा वर्गात उभं करून वाचायला लावायचे आणि इची म्हटलं की सगळा वर्ग हसायचा. ते सांगतात की दोन वर्षं त्यांनी वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. त्याच माणसाला गावात गप्पा मारताना ऐका, चाळीस माणसं गोळा होतात. तुर्कीत तेमेल आणि दुर्सुन या जोडीचे विनोद घराघरांत सांगतात, सगळे काळ्या समुद्राच्या उच्चारात. सासरे पण सांगतात, फार सुंदर सांगतात. पण परक्याने नक्कल केली की त्यांचा चेहरा बदलतो हे मी पाहिलंय. माझ्या मुलीला मी सांगून ठेवलंय की आजोबांसारखं बोल, त्यांची नक्कल करू नकोस, आणि तिला हा फरक बरोबर कळतो.

आमच्या पश्चिमेला गिरेसुन जिल्ह्यात कुशक्योय म्हणून गाव आहे, अर्थ पाखरांचं गाव. तिथे दरीच्या या बाजूचा माणूस त्या बाजूच्याशी शिट्टीने बोलतो. ठरलेल्या खुणा नाहीत, पूर्ण तुर्की वाक्यं शिट्टीत, व्यंजनांसाठी सूर चढतो उतरतो तुटतो. २०१७ मध्ये युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं. मोबाईल आल्यावर पोरं शिकेनात. मी एकदा ऐकलंय, समोरच्या डोंगरावरून एका काकूंनी शिट्टीतून विचारलं आणि इकडून उत्तर गेलं, यजमानांनी अर्थ सांगितला, चहाला या म्हणत होत्या. अंगावर काटा आला.

वाटाड्या

रानजाई, तुम्ही जर्मनीत आहात तर तुमच्याकडे खजिना आहे हे लक्षात घ्या. ३० ऑक्टोबर १९६१ ला जर्मनी आणि तुर्कीचा कामगार करार झाला, त्यानंतर जी माणसं आली त्यातले पुष्कळ अनातोलियाच्या खेड्यांतले. इकडे आल्यावर त्यांचं बोलणं तेव्हाचं तसंच राहिलं. तुर्कीत मात्र टीव्ही आला, पोरं शहरात गेली, आता देनिझलीच्या तरुण पोरांत मला 'गारी' कमी ऐकू येतं, ती इस्तंबूलसारखी बोलायला बघतात. तुमच्या तेयझेंच्या तोंडात सत्तरच्या दशकातलं योझगात आहे. रेकॉर्ड करा, त्यांना विचारून.

नेशेत एर्ताश ऐका, किर्शेहिरचे गायक, २०१२ ला गेले. बरीच वर्षं जर्मनीत राहिले ते. गाण्यात त्यांनी आपलं गावाकडचं बोलणं कधी झाकलं नाही.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद मी तीन-तीनदा वाचले, वहीत उतरवून घेतले. काल रविवार होता, तेयझेंकडे युफका (पातळ पोळी, आपल्या मांड्याची बहीण) लाटायला बसलो होतो. मी विचारलं तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का. आधी लाजल्या, म्हणाल्या माझं तुर्की कुठे चांगलं आहे, माझ्या मुलाचं कर, तो नीट बोलतो. मी म्हटलं मला तुमचंच पाहिजे. मग शिळाछाप यांचे शब्द एकेक म्हणायला लावले. साङा. देङिझ. येङी. तिन्हीत ङ! मी लाटणं खाली ठेवलं आणि त्यांना सांगितलं की तुमच्या तोंडातला हा आवाज तेराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलाय. त्यांना आधी खरं वाटेना. मग थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, माझी आई असंच म्हणायची.

नंतर आपणहून बोलायला लागल्या, आईबद्दल, गावच्या विहिरीबद्दल, पंचेचाळीस मिनिटं रेकॉर्ड झालंय. क चा ग तर ठायी ठायी, शेवटचा ख़ पण आहे अधेमधे, दोन्ही एकाच वाक्यात: "गार योख़" म्हणजे बर्फ नाही (कार योक). अर्धं मला कळलं नाही पण मी थांबवलं नाही.

त्यातला एक शब्द चार वेळा आलाय आणि माझ्या डिक्शनरीत सापडत नाहीये, 'बिल्दिर' असा काहीसा, दोन्ही इ बिनटिंबाचे. "बिल्दिर ग्येल्दी" असं म्हणतायत, म्हणजे कोणीतरी आलं, पण बिल्दिर कोण? कोणाला माहिती आहे का?

खडीसाखर

मैत्रिणीला विचारलं! माणूस नाही तो. बाकूत पण हाच शब्द आहे, बिल्दिर म्हणजे गेल्या वर्षी. तिची आजी नेहमी म्हणते.

रानजाई

गेल्या वर्षी!! म्हणजे गेल्या वर्षी त्यांची बहीण गावाहून येऊन गेली त्याबद्दल बोलत होत्या. आता सगळी वाक्यं उलगडली. खाली जाऊन सांगते त्यांना.